विश्लेषण : पाणी जिरवले, विहिरी भरल्या, मग गॅस्ट्रो का होतो? शिरपूरच्या पावसाळ्यात सलाईनआधी ओआरएस का हवे?

पावसाळा सुरू झाला की राज्यभरातील सरकारी आणि खासगी दवाखान्यांत जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढू लागतात. खान्देशही त्याला अपवाद नाही. शिरपूरसारख्या तालुक्यात रुग्णाला घेऊन आलेल्या घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘सलाईन लावायची ना?’ हा असतो आणि दुसरा ‘जुलाब बंद करणारी गोळी कोणती?’ हा. रुग्णाच्या अंगातून किती पाणी गेले आणि त्यातले घरी किती भरून काढले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. जीव वाचतो की धोक्यात येतो, हे बऱ्याचदा त्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. गॅस्ट्रो नेमका कशाने होतो, गावाचे पाणी कुठे बिघडते आणि पहिल्या काही तासांत घरी काय करायला हवे, ते समजून घेऊ.

गॅस्ट्रो म्हणजे नेमके काय?

गॅस्ट्रोएन्टरायटिस म्हणजे जठर आणि आतड्यांना संसर्गामुळे आलेली सूज. बोलीभाषेत त्यालाच गॅस्ट्रो, हगवण, ढाळ किंवा संडास लागणे म्हणतात, तर सरकारी कागदोपत्री ‘अतिसार’ हा शब्द असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार २४ तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचाला होणे म्हणजे अतिसार. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाची शी मुळातच मऊ आणि वारंवार होते, तो आजार नव्हे. मात्र नेहमीपेक्षा अचानक जास्त वेळा आणि पाण्यासारखी शी होऊ लागली, तर लक्ष द्यायला हवे.

आजार साधा वाटतो, पण जगात दरवर्षी पाच वर्षांखालील ४ लाखांहून अधिक मुलांचा मृत्यू अतिसाराने होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एक महिना ते पाच वर्षे या वयोगटातील मृत्यूंचे हे तिसरे मोठे कारण आहे. यातील बहुतांश मृत्यू टाळता येण्यासारखे असतात.

कोणते जंतू, किती तासांत?

सर्व जुलाब एकाच जंतूमुळे होत नाहीत. ढोबळमानाने जंतूंचे तीन गट पडतात.

विषाणू : लहान मुलांत रोटाव्हायरस प्रमुख. संसर्गानंतर साधारण दोन दिवसांत आधी उलट्या, ताप आणि मग पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. नोरोव्हायरस सर्व वयोगटांत दिसतो आणि १२ ते ४८ तासांत लक्षणे दाखवतो. वसतिगृह, आश्रमशाळा, लग्नघर अशा ठिकाणी तो झपाट्याने पसरतो. या विषाणूवर अल्कोहोलचे सॅनिटायझर फारसे चालत नाही, साबण आणि पाण्यानेच हात धुवावे लागतात.

जिवाणू : ई-कोलायचे काही प्रकार, शिगेला, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि कॉलराचा जिवाणू. कॉलरा म्हणजेच जुन्या लोकांच्या तोंडी असलेली ‘पटकी’. त्यात तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात आणि काही तासांतच अंगातले पाणी संपते. शिगेलामुळे रक्त आणि आव पडते, पोटात मुरडा येतो, ताप येतो.

परजीवी : अमिबा, जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम. जिआर्डियाची लक्षणे दिसायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. क्रिप्टोस्पोरिडियमला क्लोरिन सहज मारत नाही, पाणी उकळल्यावर मात्र तो मरतो.

याशिवाय विषबाधेचा प्रकार वेगळा. लग्नाच्या पंगतीनंतर एक ते सहा तासांत अनेकांना एकदम उलट्या सुरू झाल्या, तर बहुधा अन्नात आधीच तयार झालेले जिवाणूंचे विष कारणीभूत असते. सकाळी शिजवलेला भात किंवा दुधाचा पदार्थ उन्हाळ्यात दुपारपर्यंत तसाच बाहेर राहिला की हे घडते. असे अन्न पुन्हा गरम केल्याने जंतू मेले, तरी काही विषे तशीच राहतात.

२०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आफ्रिका आणि दक्षिण आशियातील सात ठिकाणच्या मोठ्या अभ्यासात (त्यात कोलकाताही होते) लहान मुलांच्या मध्यम ते तीव्र अतिसारामागे मुख्यतः चार जंतू आढळले : रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम, ई-कोलायचा एक प्रकार आणि शिगेला. या चारपैकी नेहमीच्या अँटिबायोटिकची खरी गरज पडते ती प्रामुख्याने शिगेलाला. विषाणूवर तर अँटिबायोटिक चालतच नाही.

शिरपूरने कोणता प्रश्न सोडवला, कोणता राहिला?

पाण्याच्या बाबतीत शिरपूरचे नाव राज्यभर घेतले जाते. तापीच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीत आणि बेसॉल्टच्या खडकात भूजल खोल जात होते. २००४ पासून भूजल सर्वेक्षण यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी आमदार अमरिशभाई पटेल यांच्या पाठबळाने तालुक्यातील नाले रुंद आणि खोल केले, त्यावर साखळी बंधारे बांधले आणि पावसाचे पाणी जमिनीत जिरवले. हाच पुढे ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. कोरड्या पडलेल्या विहिरी पुन्हा भरू लागल्या.

आरोग्याच्या दृष्टीनेही ही मोठी गोष्ट आहे. पाणी कमी असेल तर हात धुणे, भांडी घासणे, शौचालय वापरणे या सगळ्यालाच कात्री लागते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. मात्र पाणी किती आहे आणि पाणी कसे आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विहीर काठोकाठ भरली, म्हणून तिचे पाणी पिण्यायोग्य झाले असे नाही. उलट पावसाळ्यात विहिरीची पातळी वर येते, तेव्हा तिच्या आणि आजूबाजूच्या शोषखड्ड्यांमधील अंतर कमी होते. कठडा नसलेल्या विहिरीत वरून वाहून आलेले पाणी थेट उतरते आणि त्यात उघड्यावरची घाण, जनावरांचे शेण असे सगळे असते.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक (आयएस १०५००) याबाबत स्पष्ट आहे : १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात आढळता कामा नये. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड आणि गार असले, तरी त्यात ई-कोलाय नाही हे डोळ्यांनी कळत नाही. ते तपासणीतच कळते.

नळाचे पाणी तरी सुरक्षित का नसते?

टाकीत क्लोरिन टाकलेले पाणी नळापर्यंत येताना बिघडू शकते. त्यामागे साधे दाबाचे गणित आहे. पाणी सुरू असताना पाइपमध्ये दाब असतो, त्यामुळे फट असेल तर पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की दाब संपतो आणि पाइप रिकामा होताना त्याच फटीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पाइप गटाराजवळून जात असेल, तर आत येते ते गटाराचे पाणी. दिवसाआड किंवा दोन-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या प्रत्येक गावात हा धोका असतो.

नळाला थेट मोटार लावली की हा धोका आणखी वाढतो. मोटार पाणी खेचते तेव्हा आधीच कमी असलेला दाब आणखी घसरतो आणि फटीतून घाण आत येण्याची शक्यता वाढते. म्हणजे एका घराची मोटार अख्ख्या गल्लीचे पाणी बिघडवू शकते. पाणी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे येणारे गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये, असे सांगितले जाते ते यामुळेच.

तिसरी जागा म्हणजे घर. हंड्यात तांब्या बुडवला की बोटे पाण्याला लागतात. त्यावर आरोग्य विभाग वर्षानुवर्षे एकच सांगत आला आहे : पिण्याचे पाणी झाकून ठेवा आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्या.

पाचडोंगरी आणि पुणे : दोन साथी काय सांगतात?

शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी बोराडी, कोडीद, पळासनेर या भागात पावरा आणि भिल्ल समाजाचे पाडे आहेत. याच सातपुड्याच्या पूर्वेकडच्या भागात, अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, जुलै २०२२ मध्ये जे घडले ते म्हणूनच शिरपूरसाठीही महत्त्वाचे आहे. चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलराची साथ आली, अनेक जण आजारी पडले आणि काहींचा मृत्यू झाला. गावच्या नळयोजनेची वीज तोडलेली असल्याने लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते, असे तेव्हाच्या बातम्यांतून समोर आले. योजना होती, पाइप होते, पण पंप बंद होता. वीजबिलाचा प्रश्न तिथे आरोग्याचा प्रश्न झाला.

दुसरे उदाहरण थेट शहरातले. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोम म्हणजे ‘जीबीएस’चे रुग्ण अचानक वाढले. राज्यात संशयितांसह रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि हातापायांतील ताकद जाते. अनेक रुग्णांना त्याआधी जुलाब झाले होते आणि शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू, तर काहींत नोरोव्हायरस आढळला. त्यानंतर त्या भागातील विहिरीच्या पाण्याची आणि खासगी आरओ प्रकल्पांची तपासणी झाली, काही प्रकल्प बंदही करण्यात आले.

जुलाब झालेल्या प्रत्येकाला जीबीएस होतो, असे अजिबात नाही. तो अत्यंत दुर्मीळ आहे. मात्र जुलाब थांबल्यानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या येणे, जिना चढताना पाय न उचलणे, अशक्तपणा वर सरकत जाणे अशी लक्षणे दिसली, तर तातडीने मोठ्या रुग्णालयात जावे. पुण्याने दाखवलेली दुसरी गोष्ट म्हणजे ‘जारचे पाणी’ हा शब्द सुरक्षिततेची हमी देत नाही. थंड असणे आणि शुद्ध असणे यात फरक आहे.

जीव जातो तो कशाने?

गॅस्ट्रोत बहुतेक वेळा जीव जातो तो जंतूमुळे नव्हे, तर अंगातले पाणी आणि क्षार संपल्यामुळे. जंतू किंवा त्याचे विष आतड्याच्या अस्तराला बिघडवते. जे पाणी आतड्याने शोषून घ्यायचे, ते उलट बाहेर टाकले जाऊ लागते. पाण्यासोबत सोडियम आणि पोटॅशियमही जाते. रक्ताचे प्रमाण घटते, रक्तदाब पडतो, मूत्रपिंडे काम थांबवतात. दहा किलोच्या बाळाच्या अंगातून एक लिटर पाणी गेले, तर तो त्याच्या वजनाचा दहावा भाग असतो. म्हणूनच मोठ्या माणसाला जे दोन दिवस निभावते, ते लहान मुलाला काही तासांत जमिनीवर आणते.

मग साधे पाणी पाजले तर? ते पुरेसे नाही, कारण आजारी आतडे साधे पाणी नीट शोषत नाही आणि गेलेले क्षारही त्याने भरून येत नाहीत. मात्र आतड्याच्या पेशींमध्ये एक दार असे असते, की ते सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही एकत्र आले तरच उघडते. ते आत गेले की त्यांच्यामागे पाणीही आत जाते. कॉलरासारख्या तीव्र आजारातही हे दार चालू राहते. ओआरएस म्हणजे ओरल रिहायड्रेशन सोल्युशन याच दारातून पाणी आत घेते.

त्यामुळे ओआरएसमध्ये प्रमाण हेच औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट, असे एकूण २०.५ ग्रॅम लागते. साखर जास्त झाली की उलटे घडते. दाट गोड द्रव आतड्यात आला की तो शरीरातीलच पाणी आतड्यात खेचतो आणि जुलाब वाढतात. कोल्ड्रिंकमध्ये लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते. जुलाब लागलेल्या मुलाला ते पाजणे म्हणूनच धोक्याचे.

युद्धाच्या छावणीत सिद्ध झालेला उपाय

ओआरएस खरोखर सलाईनची जागा घेऊ शकते का, हा संशय जुना आहे. १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बोनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, रुग्ण जमिनीवर झोपलेले आणि सलाईनचा साठा संपत आलेला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी पिंपात तयार करून ते नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. पुढे ‘लॅन्सेट’ने या उपायाला विसाव्या शतकातील कदाचित सर्वात महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

छावणीत हे काम डॉक्टरांनी नव्हे, तर रुग्णाच्या आई-वडिलांनी आणि भावंडांनी केले. पाड्यावरून उपजिल्हा रुग्णालयापर्यंत किंवा पुढे धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जायला गाडी मिळेपर्यंत जे तास जातात, त्या तासांत हेच काम घरच्यांच्या हातात असते.

तरीही देशात अतिसार झालेल्या सर्व मुलांपर्यंत हा स्वस्त उपाय पोहोचत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) अशा मुलांपैकी ६०.६ टक्के मुलांना ओआरएस आणि केवळ ३०.५ टक्के मुलांना झिंक मिळाले.

घरी ओआरएस कसे द्यायचे?

• पाकिटावर किती पाण्यात मिसळायचे ते वाचा. मोठे पाकीट एक लिटरसाठी असते, लहान पाकीट २०० मिलिलिटरसाठीही मिळते. एक लिटरसाठी पाण्याची रिकामी, स्वच्छ बाटली माप म्हणून वापरता येते.
• पूर्ण पाकीट एकदम मिसळा. रोज थोडी-थोडी पूड ग्लासात टाकू नका, त्याने प्रमाण चुकते.
• पाणी आधी उकळून गार करा. मिसळल्यानंतर पुन्हा उकळू नका. साखर, दूध, सरबत घालू नका.
• तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्या.
• प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील बाळाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर आणि मोठ्यांना हवे तितके द्या.
• उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्या. उलटी झाली म्हणून ओआरएस बंद करू नका.

पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरू नका. मीठ जास्त पडले तर ते लहान मुलासाठी घातक ठरू शकते. ताक, भाताची पेज, मीठ घातलेले वरणाचे पाणी हेही देता येते. आशाताई, अंगणवाडी, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ओआरएस मोफत मिळते.

टेट्रापॅकवरच्या ‘ओआरएस’चे काय?

मेडिकलवर ‘ओआरएस द्या’ म्हटले की अनेकदा हाती पडायचा तो फळांच्या चवीचा टेट्रापॅक. नावात ओआरएस असले, तरी त्यातील साखर प्रमाणित सूत्रापेक्षा कितीतरी अधिक असायची. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरोधात अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) कोणत्याही पेयाच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली आणि २०२२ मध्ये सूचनेसह दिलेली सूट मागे घेतली.

तरीही खरेदी करताना पाकीट उलटवून पाहण्याची सवय हवी. ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम प्रति लिटर असे लिहिले असेल, तर ते खरे ओआरएस. केवळ ‘एनर्जी’, ‘इलेक्ट्रोलाइट’ असे शब्द असतील, तर ते औषध नाही.

झिंक, अँटिबायोटिक आणि सलाईन : कोणाला, केव्हा?

झिंक : सहा महिन्यांपुढील मुलांना रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी, सलग १४ दिवस. गोळी चमच्यात पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायचे. त्याने आताचा आजार लवकर आटोपतो आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते.

अँटिबायोटिक : शौचात रक्त असेल, कॉलराचा संशय असेल किंवा तपासणीत अमिबा-जिआर्डिया सापडला असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने. मेडिकलवरून स्वतःहून घेतलेली मिश्र गोळी बहुतांश वेळा निरुपयोगी ठरते. शिवाय ती आतड्यातील उपयोगी जिवाणू मारते आणि पुढे गरजेच्या वेळी औषध न चालण्याची शक्यता वाढवते. ‘जुलाब बंद करणारी’ लोपेरामाइडसारखी गोळी लहान मुलांना देऊच नये. ती आतड्याची हालचाल थांबवते, आजार थांबवत नाही.

सलाईन : रुग्ण ग्लानीत असेल, पिऊ शकत नसेल, उलट्या थांबतच नसतील किंवा अंगातले पाणी खूपच कमी झाले असेल, तर सलाईन जीव वाचवते आणि ती तातडीने लागते. अशा वेळी रिंगर लॅक्टेट (दवाखान्यात ‘आरएल’) दिले जाते. नुसते ग्लुकोजचे पाणी सोडियमची तूट भरून काढत नाही. पण जो रुग्ण शुद्धीवर आहे आणि पिऊ शकतो, त्याच्यासाठी ओआरएस तितकेच परिणामकारक आहे. त्याला खाट लागत नाही, सुई लागत नाही आणि दिवसाची मजुरी बुडत नाही.

खाणे : ‘पोटाला आराम’ म्हणून मुलाला उपाशी ठेवणे चुकीचे. अंगावरचे दूध सुरूच ठेवावे, उलट जास्त वेळा पाजावे. मऊ खिचडी, वरण-भात, ताक चालते. खान्देशात घरोघरी मिळणारे केळे तर पोटॅशियमही देते. आजार बरा झाल्यावर दोन आठवडे मुलाला रोज एक जेवण जास्त द्यावे, कारण वारंवारचे जुलाब आणि कुपोषण एकमेकांना वाढवतात.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

• मूल सुस्त किंवा बेशुद्ध, किंवा पाणी पिऊ शकत नाही
• डोळे खोल गेलेले, रडताना अश्रू नाहीत
• पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू पूर्ववत होते
• सहा तासांत लघवी नाही
• शौचात रक्त, किंवा खूप ताप
• काहीही दिले तरी उलटून पडते
• बाळ दोन महिन्यांहून लहान आहे, किंवा जुलाब १४ दिवसांहून अधिक चालले आहेत

वयोवृद्ध, गरोदर महिला आणि मधुमेह किंवा किडनीचा आजार असलेल्यांनीही वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि रुग्ण पिऊ शकत असेल, तर वाटेतही चमच्याने ओआरएस देत राहावे.

ग्रामपंचायतीला काय विचारायचे?

राज्यात दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळे आणि कमी असेल तर हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड आणि एकही साथ नसेल, तर चंदेरी कार्ड. आपल्या गावाला कोणते कार्ड आहे, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न टीसीएल पावडरचा. साधारण एक हजार लिटर पाण्याला ५ ग्रॅम टीसीएल लागते, त्यात सुमारे ३३ टक्के क्लोरिन असावे लागते. गोणी उघडी किंवा ओलसर जागी राहिली की क्लोरिन उडून जाते आणि उरते ती केवळ पांढरी पूड. गढूळ पाण्यातही क्लोरिन गाळातच खर्ची पडते. त्यामुळे तापीच्या पुरानंतर आधी तुरटीने पाणी निवळावे लागते. पावडर टाकल्यानंतर किमान अर्धा तास पाणी तसेच ठेवावे लागते.

तिसरा प्रश्न ओटी चाचणीचा. जलसुरक्षकाने नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले आणि पाणी पिवळे झाले, तर त्यात क्लोरिन आहे. ही चाचणी टाकीजवळच्या नळावर नव्हे, तर गावाच्या शेवटच्या नळावर व्हायला हवी. तिथे किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरिन शिल्लक असणे अपेक्षित आहे. अनेकदा पाइपची खरी परीक्षा या शेवटच्या घरातच होते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील महिलांना पाणी तपासणीचे किट वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ते किट वापरात आहे का, हेही विचारता येते.

गल्लीत एकाच आठवड्यात चार-पाच जणांना जुलाब झाले, तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. प्रत्येक जण वेगवेगळ्या दवाखान्यात जाऊन गोळ्या घेऊन आला, तर साथ कागदावर दिसत नाही आणि फुटलेला पाइपही सापडत नाही.

लस आणि मोहीम

रोटाव्हायरसची लस राष्ट्रीय लसीकरणात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली, महाराष्ट्रात २०१९ मध्ये. बाळ ६, १० आणि १४ आठवड्यांचे झाल्यावर ती तोंडावाटे मोफत दिली जाते. ती सर्व जुलाब रोखत नाही, पण रोटाव्हायरसचा तीव्र आजार बऱ्याच अंशी टाळते. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत हे डोस चुकण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे लसीकरणाचे कार्ड सोबत ठेवावे.

केंद्र सरकार २०१४ पासून पावसाळ्यात अतिसार नियंत्रण पंधरवडा राबवत होते. २०२४ पासून त्याचे रूपांतर ‘स्टॉप डायरिया’ या अधिक काळ चालणाऱ्या मोहिमेत झाले. त्यात आशा घरोघरी जाऊन ओआरएस आणि झिंक देतात. पाकीट घरात येते, पण ते कपाटात राहते आणि मूल आजारी पडले की आधी गाडीची शोधाशोध सुरू होते, असे होऊ नये.

शिरपूरने पाणी जमिनीत जिरवून दाखवले, त्याला नियोजन आणि मोठी यंत्रे लागली. गॅस्ट्रोसाठी लागणाऱ्या गोष्टी त्यापेक्षा लहान आहेत : शेवटच्या नळावर ओटीची चाचणी, हंड्याला झाकण आणि ओगराळे, हात धुवायला साबण आणि घरात ओआरएसची दोन पाकिटे. पहिला जुलाब झाला की पहिले पाकीट लगेच फोडायचे.